फुगीर आरसा

दुसऱ्या दिवशी सुपारी फुटायची होती आणि आदल्या सांजेला बाळाजीने आपल्या होणाऱ्या सासऱ्याला शेणाच्या खड्ड्यात पाडलं. मुद्दाम नव्हे हो! ज्यांच्या लेकीसाठी, कोकिळेसाठी, हा गडी मुंबईच्या गॅरेजातली नोकरी सोडून बोर्ली पंचतनला सायकलदुरुस्तीचं दुकान टाकून बसला, त्या धर्माजींना मुद्दाम शेणात लोटायला त्याचं डोकं फिरलं होतं की काय? पण व्हायचं ते होतंच.

झालं असं, की बाळाजीकडे एक फटफटी होती. लष्कराच्या लिलावातली, दोनदा हात बदललेली, सुरू होताना म्हशीसारखी खाकरणारी. पण पंचक्रोशीत दुसरी नव्हती, त्यामुळे तिचा थाट काही विचारू नका. तिला आरसा एकच, तोही न्हाव्याकडून मागून आणलेला, उजव्या हँडलला तारेने आवळलेला. त्यात बाळाजीला स्वतःचा कान आणि खांद्याचा तुकडा एवढंच दिसायचं. कान देखणा होता, पण रस्त्यावर त्याचा काय उपयोग?

त्या सांजेला पिंपळाच्या वळणावर बाळाजी हळू झाला आणि डावीकडे वाडीच्या वाटेला वळला. नेमके त्याच वेळी धर्माजी त्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे, छत्री काखेत मारून चालत होते. हँडल छत्रीला लागलं, छत्री धर्माजींना लागली आणि धर्माजी खड्ड्याला लागले. धप्प!

हाडं शाबूत राहिली, पण अब्रू शेणात गेली. धर्माजी म्हणजे गावकीतला मोठा माणूस. दोन वर्षांपूर्वी तुळशीची माळ घातल्यापासून तर त्यांचा शब्द म्हणजे वाडीचा कायदा. माळ घालण्याआधी मासळीचा एवढा शौकीन माणूस दुसरा नव्हता, पण आता कुणाच्या चुलीवर सुकट भाजली तरी नाकाला उपरणं लावून तासभर उपदेश करायचे, वर दंडही ठोकायचे. असा माणूस खड्ड्यातून बाहेर आला, पागोट्यावरचं शेण निपटलं आणि गरजला, "ज्याला मागचं मानूस दिसत न्हाय, त्याला पुढचा संसार काय दिसनार? सुपारी फुटनार न्हाय! माझी लेक असल्या आंधळ्याच्या मागं बसनार न्हाय!"

त्यात कोंडाजी हा गावकीतला दुसरा पुढारी टपूनच बसला होता. त्याला कोकिळा आपल्या मुलासाठी हवी होती. तो लगेच धर्माजींचं धोतर झटकायला पुढे झाला आणि म्हणाला, "देवानंच वाचवलं बघ तुला, धर्माजी. पोरगी देन्याआधीच कळलं."

बाळाजी रात्रभर तळमळला आणि सकाळी उठून कामाला लागला. मुंबईत मोटारी दुरुस्त केलेला गडी तो, रडत बसणाऱ्यातला नव्हे. आंधळी बाजू आहे ना? मग तिला डोळे लावू!

पहिल्यांदा त्याने आई झोपली असताना तिच्या फणेरपेटीतला आरसा उपसला आणि डाव्या हँडलला लावला. आवडाबाई उठली, कुंकू लावायला बसली आणि पेटीत बघते तो नुसती लाकडाची फळी! "मेल्या, माझं तोंड घेऊन कुठं हिंडतोस?" करत ती दुकानापर्यंत त्याच्या मागे धावली. दुकानासमोर आणखीच मजा. दोन आरशांची फटफटी उभी दिसली की जो तो थांबून भांग पाडायचा. न्हाव्याने तर एक गिऱ्हाईक तिथेच दगडावर बसवून त्याची अर्धी दाढी उरकली.

पण फटफटी सुरू झाली की आरसे असे थरथरायचे की एका कोंबडीच्या सात कोंबड्या दिसायच्या. बाळाजीने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून आरशाच्या बुडाशी घातले, तेव्हा सातांच्या दोन झाल्या. मग त्याने सळई वाकवून आरशांचे दांडे लांब केले, इतके लांब की कोपराच्या बाहेर मागचा रस्ता मोकळा दिसू लागला. बेटा हरखून गेला! गल्लीतून जाताना एक दांडा कुणाच्या ओटीवरची दोरी घेऊन आला, दोरीबरोबर दोन लुगडी आली, लुगड्यांमागून शिव्या आल्या. तरी तो हसतच होता.

फक्त एक गोष्ट काही केल्या साधेना. पिंपळाच्या वळणावर, खड्ड्याच्या काठी, त्याने सायकल उभी केली आणि फटफटीवर बसून पाहिलं. सायकल आरशात नाही. आरसा असा फिरव, तसा फिरव, सायकल काही येईना. जिथे धर्माजी होते नेमकी तीच जागा कोरी. बाळाजीने कपाळावर हात मारला.

तोडगा दिला कोकिळेने. बाजाराच्या दिवशी ती कल्हईवाल्याकडे भांडी घेऊन आली होती आणि बाळाजीला आपोआपच कल्हईवाल्याशेजारी काम निघालं. ती भांड्यांकडे बघत, ओठही न हलवता म्हणाली, "बाबा कोंडाजीमामाला होळीपर्यंत सबूद देनार हायेत. काय करतोयस तू?"

"आरशे लावतोय."

"तेवढं समद्या गावाला म्हाइत हाय. दिसतंय का काय त्यात?"

"समदं दिसतंय. फक्त तुझं बाबा होतं ती जागा दिसत न्हाय."

कोकिळेने नुकतीच कल्हई केलेली पळी उचलली. चांदीसारखी लखलखत होती. तिने आधी आतून पाहिलं आणि नाक मुरडलं. मग पालथी केली आणि तिचे डोळे मोठे झाले. "हे बघ! आतून बघितलं तर जग उलटं. पन पालथ्या अंगानं बघ, अख्खा बाजार मावलाय. तो बघ मिरच्यावाला, ती बघ म्हस, आनि तो बघ तू, दात काढून हसतोयस."

बाळाजी खरंच दात काढून हसत होता. त्याला वाटलं, इथेच बाजारात फुगडी घालावी. फुगीर! आरसा फुगीर हवा! त्या आनंदात तो तिची पळी घेऊनच पळाला आणि कल्हईवाला "चोर, चोर" ओरडत उठला. कोकिळा हसून हसून भांड्यांत बसली.

पळी हँडलला बांधून पाहिली, पण त्यात माणसं धुरकट दिसायची, धर्माजी कोण आणि म्हैस कोण ते कळेना. मग बाळाजी सरळ बोटीत बसून मुंबईला गेला आणि जुन्या मोटारींच्या सामानातून एक गोल, फुगीर, खरा काचेचा आरसा हुडकून घेऊन आला. कुठल्या तरी साहेबाच्या मोटारीच्या मडगार्डवरचा असावा. डाव्या दांड्याला तो बसवला, वळणावर जाऊन सायकल उभी केली, फटफटीवर बसला आणि हळूच एक डोळा उघडून पाहिलं. सायकल दिसली! घंटीसकट दिसली! बाळाजीने टोपी आभाळात उडवली, ती पिंपळाला अडकली आणि तिथेच राहिली.

एक खोडी मात्र त्याला लवकरच कळली. फुगीर आरशात सगळं लहान दिसतं, म्हणून लांब वाटतं. लांबची म्हणून सोडून दिलेली कोंबडी चाकाला घासून गेली आणि पिसं उडाली, तेव्हा त्याने आईचा सपाट आरसाही शेजारी ठेवला. फुगीर आरशाने हजेरी घ्यायची, सपाट आरशाने अंतर सांगायचं. आवडाबाईने कपाळाला हात लावला आणि त्या दिवसापासून ती कुंकू फटफटीशी उभी राहून लावू लागली.

झालं, बाळाजी धर्माजींच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "मामा, आता समदं दिसतं. परीक्षा घ्या."

धर्माजी हसले. आंधळी जागा कुठे असते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अंगावर शेण घेऊन शिकलेला धडा तो! ते म्हणाले, "बरं. बोर्लीच्या बाजारापासनं आपल्या मारुतीच्या देवळापतुर तू फटफटी हाकायची, मी चालीन तशी, बेतानं. मागं फकस्त मी. मान वळवायची न्हाय. म्या मागं काय काय केलं, ते देवळापुढं गावकीला सांगायचं. आनि वळनावर मी एक गोष्ट करीन. ती सांगितलीस तर लेक तुझी. न्हाय सांगितलीस तर कोंडाजीला सबूद."

बाळाजीचा जीव एवढासा झाला, पण तोंडाने तो "व्हय मामा" म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी सगळी वाडी देवळापुढे जमली. इकडे बाजारातून फटफटी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत निघाली आणि मागे धर्माजी, पागोटं बांधलेले, छत्री घेतलेले. बाळाजी मान ताठ ठेवून नुसते डोळे फिरवत होता. धर्माजींनी छत्री उघडली. दिसली! धर्माजींनी कुत्र्याला खडा मारला, नेम चुकला. दिसला! धर्माजींना शिंक आली. तीही दिसली! बाळाजीला आता गाणं म्हणावंसं वाटत होतं. आणि वळण आलं.

धर्माजी पावलं उचलून बरोब्बर डाव्या अंगाला आले, त्याच जागी. आरशात ते लहान दिसत होते, पण स्वच्छ. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग छत्री आडवी धरली, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि भाजलेला बोंबील बाहेर काढला. अख्खा! निघण्याआधी बाजारात मोह झाला असणार, दुसरं काय? त्यांनी बोंबलाचं डोकं मोडलं, उरलेला तोंडात घातला आणि डोळे मिटले. असा आनंद बाळाजीने माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. वळणावर करायची ती गोष्ट धर्माजी साफ विसरले होते. गळ्यातली माळ मात्र घासागणिक वरखाली होत होती.

बाळाजी खड्ड्यात जाता जाता वाचला.

देवळापर्यंतची उरलेली वाट त्याला काही दिसलीच नाही. सांगावं तर माळ घातलेला माणूस गावकीपुढे उघडा पडणार. ज्यांनी सुकटीसाठी लोकांना दंड केला त्यांनाच लोक दंड करणार, आणि ते सगळं कोकिळेच्या डोळ्यांदेखत. न सांगावं तर कोकिळाच जाणार. आरशात दिसत नव्हतं तेच बरं होतं, असं त्याला वाटून गेलं.

देवळापुढे कोंडाजी पुढे झाला. "हां, बोल!"

"मामांनी छत्री उघडली. कुत्र्याला खडा मारला, तो लागला न्हाय. मग शिंकलं."

लोक आ वासून धर्माजींकडे बघू लागले. धर्माजींनी मान डोलावली. बायांच्या घोळक्यात कोकिळा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती, ती वर बघून हसली.

"आनि वळनावर?" कोंडाजीने विचारलं.

बाळाजीने कोकिळेकडे पाहिलं. मग धर्माजींकडे पाहिलं. धर्माजींचा चेहरा हळूहळू उतरत होता. आपण काय करायचं ठरवलं होतं आणि काय करून बसलो ते त्यांना आत्ता आठवलं असावं.

"वळनावर..." बाळाजी अडखळला. "वळनावर काय बी दिसलं न्हाय मला."

"संपलं!" कोंडाजीने टाळी वाजवली. "आंधळा तो आंधळाच! चल, धर्माजी, आता सबूद दे." कोकिळेच्या तोंडावरचं हसू मावळलं. बाळाजीने तोंड फिरवलं, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कोंडाजीला दाखवायची त्याची तयारी नव्हती.

धर्माजी फटफटीपाशी गेले, धोतर सावरून तिच्यावर बसले आणि म्हणाले, "कोंडाजी, जरा डाव्या अंगाला उभा ऱ्हा. आनखी मागं. हां, तितंच." कोंडाजी उभा राहिला आणि आपल्याकडे कुणी बघत नाही असं समजून त्याने काडीने कान कोरायला घेतला. धर्माजींनी गोल आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोंडाजी दिसत होता, कान दिसत होता, काडीसुद्धा दिसत होती.

धर्माजी खाली उतरले. त्यांनी बाळाजीच्या तोंडाकडे पाहिलं. बाळाजी देवळाच्या कळसाकडे बघत होता, जसं काही कळस आजच बसवला होता.

"मंडळी," धर्माजी खाकरून म्हणाले, "वळनावर म्या काय केलं? काय बी केलं न्हाय! आनि पोरगा काय बोलला? काय बी दिसलं न्हाय. बराबर हाय का न्हाय?"

"अरं, पन तू गोष्ट करीन म्हनाला होतास!" कोंडाजी ओरडला.

"म्हनालो होतो. केली न्हाय. लेकीच्या आशेनं पोरगा खोटं काय रचतो का, ते बघायचं होतं. न्हाय रचलं! लेक ह्याचीच. उद्या सुपारी फोडा."

मग काय विचारता! कुणीतरी देवळाची घंटा बडवली, आवडाबाईने बाळाजीला पोटाशी धरून त्याच्या पाठीत धपाटे घातले आणि कोंडाजी छत्री आपटत घरी गेला. धर्माजी कोकिळेजवळून गेले तशी तिने नाकाने वास ओढला, एकदा, दोनदा. तिने बापाकडे पाहिलं, बाळाजीकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून ती जी हसत सुटली ती खालीच बसली.

गर्दी पांगल्यावर धर्माजी बाळाजीपाशी आले. खालच्या आवाजात म्हणाले, "तू लई गुनाचा हायेस बाळ्या. पन एक सांग. फटफटीवर मागं बसलेला मानूस त्या आरशात दिसतो का रं?"

"न्हाय मामा. तो माझ्याच पाठीआड जातो."

"अजाबात न्हाय?"

"अजाबात न्हाय."

"मग घरापतुर सोड मला," असं म्हणून धर्माजी धोतर खोचून मागे बसले. फटफटी खाकरली आणि निघाली. बाळाजी आनंदाने वेडा झाला होता, तरी त्याने नजर समोरून हलवली नाही. देऊळ मागे पडलं आणि त्याच्या मानेमागे, अगदी कानाशी, कुरुम कुरुम आवाज सुरू झाला.