कुसुमताईंची कावीळ

कुसुमताईंनी नवऱ्याची कावीळ बावीस वर्षं जपली होती. श्रीनिवासराव एकेचाळिसाव्या वर्षी गेले ते आतड्याच्या कॅन्सरने. त्यांचे वडीलही त्यानेच गेलेले. पण घरात असलं काही आहे म्हटलं की मुलीचं स्थळ उंबरठ्यावरूनच परत जायचं. म्हणून सगळ्यांना कावीळ सांगितली, अगदी मुलांनासुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि आता मुलीचा, तनयाचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता.

पण थोरल्या आमोदला शौचावाटे रक्त पडायला लागलं. एकतीस वर्षांचा, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत मोठा हुशार. पण लाजेपायी तीन महिने गप्प बसला. आज तो आईबरोबर डॉक्टरांसमोर होता. डॉक्टर म्हणजे तनयाच्या होणाऱ्या नवऱ्याचे सख्खे मामा. ओळखीने नंबर लवकर लागला, म्हणून कुसुमताई कालपर्यंत खूश होत्या.

“घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे! बाबा काविळीने गेले,” आमोद म्हणाला.

“मग बहुधा मूळव्याधच. मलम देतो, महिन्याने या.”

डॉक्टर लिहू लागले. कुसुमताई मनात हिशेब करत होत्या. बोलावं तर मुलीचं लग्न मोडणार, न बोलावं तर मुलगा जाणार. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली.

“अहो डॉक्टर, थांबा. यांना आतड्याचा कॅन्सर होता. सासऱ्यांनाही.”

आमोद आईकडे बघतच राहिला. डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला.

“कमाल आहे! तुम्ही तर शाळेत शिक्षिका, आणि हे लपवलंत? घराण्यात असं असलं, तर विशीपासून दर दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडं तपासायचं असतं. याचं परवाच करू.”

“पण हे तुमच्या बहिणीच्या कानावर...”

“पेशंटचं बोलणं मी घरी नेत नाही,” डॉक्टर तुटकपणे म्हणाले. “मुलगी किती वर्षांची?”

“सत्तावीस.”

“तिचीही तपासणी हवी. तिला तुम्ही सांगायचं, मी नाही.”

मुलीचा विचार कुसुमताईंनी लग्नापलीकडे केलाच नव्हता.

घरी तनया साखरपुड्याच्या आमंत्रणांची यादी करत बसली होती. कुसुमताईंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, डॉक्टर काय म्हणाले तेही.

तनयाने पेन खाली ठेवलं.

“विशीपासून म्हणजे सात वर्षं झाली,” ती म्हणाली. “सात वर्षं तू माझं लग्न सांभाळलंस, आई. मला कोण सांभाळणार होतं?”