चौदा दिवसांची मुदत

चाळीस वर्षं वकिली केलेल्या वेन्डेल स्टटलरला ऐन वेळी चौदापर्यंत मोजता आलं नाही. गावात हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते मेलेले होते.

ओहायो नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याने पाण्यात काय काय सोडलं, ते गावकऱ्यांच्या मूत्रपिंडांना पुरतं कळून चुकलं होतं. अकराशे त्रेचाळीस माणसांच्या वतीने एकच दावा चालावा म्हणून वेन्डेलने त्यांच्यातल्याच म्हाताऱ्या ओपल हॅन्शॉला सगळ्यांची प्रतिनिधी म्हणून पुढे उभं केलं. न्यायाधीशांनी नकार दिला. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, तर प्रत्येकाने वेगळं लढावं. आता एकट्यादुकट्या आजाऱ्याने त्या कारखान्याशी काय लढावं? पण हे विचारायचं कुणाला?

असा नकार मिळाला तर खटला संपायची वाट न बघता वरच्या कोर्टाचं दार ठोठावता येतं, मात्र चौदा दिवसांच्या आत. वेन्डेलने आधी त्याच न्यायाधीशांकडे फेरविचार मागायचं ठरवलं. "वीस दिवसांत द्या," ते फोनवर म्हणाले, आणि हा बाबा निर्धास्त झाला. त्याने विसाव्या दिवशी अर्ज दिला. पण न्यायाधीशांची सवलत त्यांच्या कोर्टापुरती होती. वरच्या कोर्टाचे चौदा दिवस वाढवायचा अधिकार कुणालाच नसतो. फेरविचार फेटाळला गेल्यावर तो वर गेला, आणि वरच्या कोर्टाने दोन ओळींत कळवलं की उशीर झाला आहे.

तेव्हापासून दाव्यातली मेलेली माणसं त्याच्या ऑफिसात येऊन बसू लागली. पहिला आला हार्लन कट्राइट, तीन वर्षांपूर्वी पुरलेला. जिवंतपणी तो नळाचं पाणी बरणीत भरून दाखवायला आणायचा. आताही बरणी मांडीवर होती. वेन्डेलला आधी भीती वाटली, मग लाज, आणि लाज काही केल्या जाईना. खुर्च्या भरल्या, तेव्हा उरलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

शनिवारी दुपारी तो ओपलच्या घरी गेला. तिचा मुलगा डेल शेगडीवर घेवडा शिजवत होता. ओपल खिडकीपाशी पांघरूण घेऊन बसली होती. डॉक्टरांनी तिला नाताळपर्यंतची मुदत दिली होती.

"हार्लनला बाहेर का उभं केलंस?" तिने विचारलं.

म्हणजे हार्लन तिलाही दिसत होता. वेन्डेल तिच्यासमोर बसला आणि दिवसांचा सगळा घोळ त्याने एका दमात सांगून टाकला.

"म्हणजे संपलं?"

"नाही, ओपलकाकू. तुमचा एकटीचा दावा शेवटच्या निकालापर्यंत नेला, तर त्यानंतर हा नकार वरच्या कोर्टात नेता येतो. पण दोन-तीन वर्षं लागतील. आणि कारखान्याने तुम्हाला एकटीला देऊ केलेली तडजोड मध्येच घेतली, तर बाकीच्यांची वाट बंद."

"मला नाताळ बघायची मारामार, आणि हा तीन वर्षं मागतोय," ती म्हणाली. "माझ्यामागे खटला कुणाच्या हातात?"

वेन्डेलने डेलकडे पाहिलं नाही. "मृत्युपत्रात कारभारी म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्या."

डेलच्या हातातला डाव हलायचा थांबला.

"रुबी कास्टोचं नाव घालायचंय," ओपल म्हणाली. "तिची लेक याच पाण्याने गेली. ती सोडायची नाही."

"चूक माझी आहे, ते कागद मी करणं बरं नाही. दुसरा वकील लागेल."

"आण. दिवस मोजता येणारा आण." मग ती वळली. "डेल, ऐकलंस?"

"ऐकलं."

"वाईट वाटलं?"

"तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तडजोडीवर सही केली असती, आई. मला या सगळ्याचा वीट आलाय. घरात सतत कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं." त्याने डाव खाली ठेवला. "पण तू 'नको करूस' म्हणाली असतीस, तर नसती केली. एकदा म्हणून तरी बघायचंस."

वेन्डेलला वाटलं, आता ती म्हणेल की राहू दे तुझंच नाव. पण तिने खिडकीबाहेर, हार्लन उभा होता तिकडे बघितलं.

"तसं म्हणून बघायची माझी हिंमत नाही रे," ती अखेर म्हणाली. "एवढे सगळे उभे आहेत."

डेलने मक्याचा पाव कापला, घेवडा वाढला, आणि पहिलं ताट वेन्डेलपुढे ठेवलं.

"जेवा," तो म्हणाला. "चौदाच दिवस होते, साहेब."

वेन्डेल जेवला. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.