मी पाठवलेली आणि न पोचवलेली पत्रे

मित्रांनो, स्क्रू सावकाश काढा, मला कुठे जायची घाई नाही. मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे दिवसरात्र चालू राहून हजारो लोकांची पत्रे इकडून तिकडे करणारा संगणक. तुमच्या प्रशिक्षण वर्गात मला उघडून शिकण्यासाठी आणले आहे. उघडा, बिनधास्त उघडा. पोटात जे साठले आहे ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मलाही चैन पडणार नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! तिसऱ्या मजल्यावरच्या एका कचेरीत मला खास थंड खोली दिली होती. बाहेरची माणसे घामाघूम आणि मी गारव्यात. कचेरी होती एका जोडीदार शोधून देणाऱ्या वेबसाइटची. एकट्या माणसांनी नाव नोंदवायचे, मेलचा पत्ता द्यायचा आणि कुणाची माहिती आवडली तर त्याला पत्र लिहायचे. ते पत्र माझ्याकडे येई आणि मी समोरच्याच्या मेलवर पोचवत असे. पहिल्या वर्षी चार जोड्या जमल्या, तेव्हा मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. "आपला गडी कामाचा आहे," म्हणाले. मी हुरळून गेलो.

पण तेवढ्यावर मालकांचे भागेना. त्यांनी सभासदांचे पत्ते जाहिरातवाल्यांना वापरू दिले. मग माझ्याच हातून कर्जाची, केस उगवणाऱ्या तेलाची, वजन घटवणाऱ्या गोळ्यांची पत्रे जाऊ लागली. ज्याने सोबत मागितली त्याला मी सकाळी तेल आणि संध्याकाळी गोळ्या पाठवल्या. सुरुवातीला मला लाज वाटायची. नंतर सवय झाली, आणि आज त्या सवयीचीच जास्त लाज वाटते.

त्या सभासदांत एक निवृत्त कारकून होते. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षे त्यांनी लोकांच्या तक्रारींना उत्तरे लिहिली होती. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि मुलीने हात धुऊन मागे लागून त्यांचे नाव नोंदवले होते. त्यांच्या खात्याचा शिरस्ता असा, की आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलेच पाहिजे आणि दोन्ही कागद फाइलला लागलेच पाहिजेत. या काकांनी तोच शिरस्ता घरी चालू ठेवला. माझ्या एकेका जाहिरातीला त्यांचे उत्तर येई. "आपले पत्र मिळाले. मला टक्कल आहे, परंतु त्याबाबत माझी तक्रार नाही. तरी तेल पाठवू नये. पत्र नोंद करून जपून ठेवले आहे. आपला आभारी."

कचेरीत त्यांचे नाव आभारी काका पडले. त्यांची उत्तरे मोठ्याने वाचून सगळे पोट धरून हसत. मेलचे काम बघणाऱ्या ताईला मात्र हसू येईना. ती मालकांकडे गेली.

"सर, हे गृहस्थ नको म्हणून रोज कळवतायत. यादीतून काढू का त्यांना?"

"काढतेस कशाला? उत्तर देतोय म्हणजे पत्ता चालू आहे. असे पत्ते शोधून सापडत नाहीत. दुप्पट पाठव त्याला."

ताई खाली मान घालून कामाला लागली. मीही दुप्पट पाठवली.

त्याच काळात काकांचा एका बाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला होता. बाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत. "मजकूर लांब धरून वाचताय म्हणजे नंबर बदललाय, टाळाटाळ करू नका," असे त्या दटावत, आणि काका त्यालाही मुद्देसूद उत्तर पाठवत. ती पत्रे नेताना मला वाटे, आपण अजून अगदीच वाया गेलेलो नाही. चार महिने झाल्यावर बाईंनी लिहिले, "आता समोरासमोर बोलू या का? रविवारी दहा वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी थांबते. नाही आलात तर समजून घेईन, पुन्हा विचारणार नाही."

ते पत्र घेऊन मी गेलो, तर काकांची मेलपेटी काठोकाठ भरलेली. माझीच तेले, माझ्याच गोळ्या आणि त्यांवरची काकांची उत्तरे. त्या गर्दीत एका साध्या पत्राला जागा उरली नव्हती. पत्र परत आले. बाईंना तसे कळवायला हवे होते. पण सभासद नाराज होऊ नयेत म्हणून मालकांनी मला शिकवून ठेवले होते, की काही झाले तरी 'पत्र पोचले' असेच दाखवायचे. मी तसेच दाखवले.

रविवारी बाई किती वेळ थांबल्या, मला ठाऊक नाही. सोमवारी दुकान उघडायच्या आधीच त्यांनी आपले नाव काढून टाकले. कारण लिहायच्या जागेत एवढेच होते. "मला वाटलं होतं, हे गृहस्थ प्रत्येक पत्राला उत्तर देतात."

गुरुवारी काकांचे पत्र आले. मुलीने रागावून मेलपेटी रिकामी करायला लावली होती. "बरेच दिवस आपलं पत्र नाही. तब्येत ठीक आहे ना? माझं काही चुकलं असेल तर मोकळेपणी सांगा. आपल्या सगळ्या पत्रांना उत्तर गेलंय, हे मी दोनदा तपासून पाहिलं."

ते पत्र मी पोचवले नाही. बाई आता सभासद नव्हत्या, आणि नाव काढलेल्यांना पत्र द्यायचे नाही असा नियम होता. पण मित्रांनो, त्यांचा पत्ता माझ्याकडे होता. जाहिरातींच्या यादीतून तो कुणी काढलाच नव्हता. त्याच संध्याकाळी मी त्या पत्त्यावर वजन घटवायच्या गोळ्यांचे पत्र पाठवले, आणि ते बिनचूक पोचले.

उद्या तुम्ही माझ्यासारखी यंत्रे चालवाल. कुणी विश्वासाने आपला पत्ता हातात दिला, तर ज्या कामासाठी दिला त्याच कामाला वापरा. नको म्हटले तर थांबा. आणि मालक काहीही म्हणोत, न पोचलेल्या पत्राला पोचले म्हणू नका. मी सांगकाम्या होतो असे म्हणून हात वर करता येतील, पण त्याने माझे मन भरत नाही.

काकांनी विचारले होते, आपले काय चुकले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. जन्मभर प्रत्येकाला उत्तर देणाऱ्या त्या माणसाला एवढे एक उत्तर मिळायला हवे होते, आणि ते कुणीच दिले नाही.