प्रेमदासचा राजवाडा

हिंगणीच्या धुरपतानं धाकट्या भावाला, प्रेमदासला, आईच्या मायेनं वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ती स्वतः परकरात होती. पोरगा हाताचा मोठा हुशार निघाला. सुतारकाम शिकला आणि नागपूरच्या एका संग्रहालयात जुन्या लाकडी वस्तूंची डागडुजी करायला लागला. त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका रविवारी त्यानं घरी सांगितलं : जर्मनीत एक राजवाडा आहे, त्याचं आता संग्रहालय केलंय, आणि तिथं वर्षभर काम शिकायला माझी निवड झालीय.

वडिलांना, चिंधूला, ते पटेना. समुद्रापार गेलेलं पोर परत येतं का, असं ते दिवसभर पुटपुटत बसले. धुरपता भाकरी थापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जाऊ द्या त्याले. तुमच्याकडे मी पायतो."

तो गेला, आणि ऐन वैशाखात खांद्यावर लोकरीचा कोट टाकून परतला. अंगणात सगळी वस्ती जमली. राजवाडा केवढा, खातात काय, थंडी कशी सोसली, एकेकाचं विचारून संपेना. म्हातारे तानबा मागं भिंतीला टेकून होते. गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या, घराची पायरी उभ्या जन्मात त्यांना चढू दिली नव्हती.

"तुले आत जाऊ देत होते का रे, बाबू?" त्यांनी हळूच विचारलं.

"सकाळी दार मीच उघडो, आबाजी. किल्ली माह्याजवळ राहे."

 तानबांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि डोळे पुसले.

मग प्रेमदास त्याच्या उस्तादाबद्दल सांगू लागला. विंकलर त्यांचं नाव. लढाईत राजवाड्यावर बॉम्ब पडले, निम्मं छत जळालं. शहरातली कितीतरी घरं अजून पडकीच होती. विंकलर स्वतः बायकापोरांसह एका खोलीत राहायचे, आणि सकाळी येऊन राजवाड्याच्या छताची जळकी नक्षी ढलपी-ढलपी जोडायचे. कुणाची घाई नाही, कुरकुर नाही.

धुरपताला ते उमजेना. "राजा तर गेला म्हनतं. मग सोताचं घर सोडून त्याचं काऊन बांधून राह्यले?"

"मीबी हेच इचारलं, बाई. तं म्हने, राजा गेला तं जाऊ दे. नक्षी तं आमच्या आज्या-पणज्याच्या हातची होय."

धुरपताला ते फार आवडलं. पुढं कितीतरी दिवस शेतात तण निंदताना ती बायांना तेच सांगायची.

दिवाळीनंतर ती जवळच्या सेलूहून गाडीनं नागपूरला गेली, भावाचं काम बघायला. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एक जुना कोरीव दरवाजा आडवा ठेवला होता आणि प्रेमदास बारीक कुंचल्यानं त्याच्या फुलापानांतली धूळ काढत होता. तेवढ्यात एक मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. बोलता बोलता त्यांनी दरवाज्यावर बोट टेकवलं.

"साहेब, हात लावू नका," प्रेमदास म्हणाला.

साहेबांनी चटकन हात मागं घेतला, माफ करा म्हणाले आणि पाहुण्यांना जरा लांबूनच दाखवू लागले. ते गेल्यावर धुरपता जवळ सरकली. एवढं नाजूक फूल लाकडात कसं कोरलं असेल म्हणून तिचाही हात आपसूक पुढं झाला.

"बाई, तूबी नोको लावू."

हात लावू नको, हे ती जन्मभर ऐकत आली होती. विहिरीवर ऐकलं, दुकानात ऐकलं. दर वेळी मान खाली गेली होती. आज साहेबालाही तेच आणि तिलाही तेच. तिला एकदम हसू फुटलं. प्रेमदासला काही कळेना.

"काय झालं?"

"काई नाई. तू कर आपलं."

ती स्टुलावर बसून त्याचा हात बघत राहिली. एकेका पाकळीतून लाकडाचा मूळ तांबूस रंग वर येत होता. शेवटी प्रेमदासनंच विचारलं, की बाई, भूक नाही का लागली? सोबत आणलेली चटणी-भाकरीची पुरचुंडी सोडायचं ती साफ विसरली होती.