शहादेव नावाचा पुढारी

पाटोद्याच्या विश्रामगृहात विधिमंडळाची समिती बसली होती. शहादेव दाराशी चपला काढून आत आला. टेबलापलीकडे पाच आमदार होते. कडेला गृहखात्याचा अधिकारी मांडीवर फाईल घट्ट धरून बसला होता.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता शहादेवच्या बायकोनं, भिवराबाईनं, बायकांची दूध संस्था काढायचं मनावर घेतलं होतं. एकवीस जणींचे अंगठे गोळा केले. नोंदणी नाकारली गेली. कागदावर एकच ओळ होती : गुप्त अहवाल प्रतिकूल. अहवालात काय होतं, ते कुणी सांगेना. "अवं, मी असं काय केलं?" असं विचारत विचारतच ती दोन वर्षांनी गेली. तेवढं कळावं म्हणून शहादेवनं समितीकडं अर्ज दिला होता.

"ही फाईल गोपनीय आहे," अधिकारी म्हणाला. "राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"कुणापासून सुरक्षा? एकवीस म्हशींपासून?" अध्यक्ष बबनराव म्हणाले. "वर्षभर टोलवलंत. आता सभागृहानं मागितलीय. वाचा. तुम्हीच वाचा."

अधिकाऱ्यानं फीत सोडली.

"खडी केंद्रावरील भिवराबाई हिने मजुरांना खायला दिलेल्या सुकडीत अळ्या निघाल्या म्हणून काम बंद पाडले. कोणाच्या जोरावर हे करतेस, असे आमच्या माणसाने विचारता ती म्हणाली, 'शहादेवच्या. शहादेव पाठीशी हाय, मला कुणाची भीती न्हाई.' सदर शहादेव हा तिचा नवरा असणे शक्य नाही. या भागातील बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. तो बाहेरचा भूमिगत पुढारी असावा."

पुढं तीन वर्षांचे अहवाल होते. शहादेवला नगरात शोधलं, पुण्यात शोधलं. इसम अत्यंत धूर्त, मागमूस लागू देत नाही.

"गावात का नाही विचारलं?" एका आमदारानं विचारलं.

"गुप्तता फुटली असती, साहेब."

बबनराव वळले. "बाबा, तुमचं नाव काय?"

"शहादेव."

सगळे खो खो हसले. अधिकारीसुद्धा हसला. शहादेव मात्र जागेवर खिळला होता. लग्नात सगळ्यांनी नाव घे, नाव घे म्हणून पिच्छा पुरवला, तरी तिनं पदर तोंडात धरला होता. पुढं एकोणतीस वर्षं नुसतं 'अवं'. आणि त्या दिवशी उन्हात, खडीच्या ढिगावर उभं राहून, परक्या माणसाच्या तोंडावर तिनं दोनदा त्याचं नाव घेतलं होतं. घरी येऊन बोलली नाही. लाजली असेल. सरकारनं मात्र ते उतरवून घेतलं, शिक्का मारला आणि कुलपात जपून ठेवलं.

हसणं थांबलं. बबनरावांनी लिहून घ्यायला सांगितलं, की अहवाल चुकीचा आहे आणि संस्थेची नोंदणी पुन्हा विचारात घ्यावी. अधिकारी फीत बांधू लागला.

"साहेब," शहादेवनं हात जोडले. "तेवढं परत वाचा."

"नोंदणीचं?"

"न्हाई. ती काय म्हनली ते."

अधिकाऱ्यानं अध्यक्षांकडं पाहिलं. बबनरावांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"वाचा. सावकाश वाचा."