बारा किलोंची कुलपं

किल्लीकाकांनी पिशवीत आणखी एक कुलूप टाकलं, पिशवी ताणकाट्याच्या आकड्याला अडकवली आणि चष्मा कपाळावर सरकवून वजन वाचलं. अजून थोडं कमी पडत होतं. एका गोदामाचं थोराड कुलूप कित्येक वर्षं पडून होतं, दुरुस्तीला टाकून मालक जो गेला तो फिरकलाच नव्हता. तेही पिशवीत गेलं. काटा बरोब्बर बारावर येऊन थांबला.

"झाली बॅटरी तयार," ते म्हणाले.

घरात ऐकायला कुणी नव्हतं. पण बायको गेल्यापासून त्यांना असं मोठ्याने बोलायची सवयच लागली होती. निदान आवाज तरी चालू राहतो, असं त्यांना वाटे.

खरी बॅटरी शोरूममध्ये होती, आणि ती जिच्या सीटखाली बसायची ती इलेक्ट्रिक बाईक महिनाअखेरीला येणार होती. उभ्या आयुष्यात काकांनी सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं. दुकान होतं तोवर गरजही नव्हती, लोक आपली कुलपं घेऊन आपल्या पायांनी यायचे. पण रस्ता रुंद झाला, दुकानांची ती ओळच्या ओळ गेली, आणि आता कुणाचं दार अडकलं की काकांनाच गाठावं लागे गावाचं दुसरं टोक. सायकलीला त्यांच्या गुडघ्यांनी कधीच रामराम ठोकला होता.

गाडीचं सगळं ठरलं, आणि मग घोडं पेंड खाऊ लागलं ते चार्जिंगपाशी. पार्किंगमध्ये एक प्लग द्या म्हटलं तर इमारतीच्या सेक्रेटरींनी हातच जोडले.

"उद्या काही पेटलं-बिटलं तर माझ्या नावानं शिमगा! बॅटरी निघते ना तुमची? मग घरी न्या की."

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नावाची चीज त्या इमारतीने कधी पाहिलीच नव्हती. म्हणजे रोज संध्याकाळी बॅटरी उपसायची, जिन्याने वर न्यायची आणि सकाळी पुन्हा खाली. मुलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो हसला.

"बाबा, गाडी जिन्यात चालत नाही हो. बारा किलो घेऊन रोज तीन मजले? या वयात?"

"जमेल."

"आणि नाही जमलं तर?"

"तर येतो तुझ्याकडे. कायमचा. मग तर झालं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मुलाचं घर छान होतं, सून मायेची होती, त्याबद्दल चकार शब्द काढायला जागा नव्हती. पण मागच्या खेपेला पहिल्या चार दिवसांतच काकांनी त्या घरातले सगळे ड्रॉवर, सगळ्या कड्या, बाथरूमची कुरकुरणारी बिजागरी, सगळं दुरुस्त करून टाकलं होतं. मग उरलेले दिवस सकाळी सगळे कामाला गेले की ते सोफ्यावर बसत आणि बंद टीव्हीत दिसणाऱ्या स्वतःकडे बघत. तिथे कायमचं जायचं नव्हतं.

म्हणून ही कुलपांची पिशवी. गाडी यायच्या आत जिना जिंकायचा, बस्स.

पहिल्या संध्याकाळी पहिला मजला थाटात पार पडला. दुसऱ्यावर गुडघ्यांनी संप पुकारला. काकांनी पिशवी खाली टाकली, ती खळ्ळकन वाजली, आणि ते भिंतीला टेकून धापा टाकत उभे राहिले. समोर हॅलोबाईंचं दार होतं.

हे नाव इमारतीनेच ठेवलेलं. बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, इकडचा माणूस तिकडच्या माणसाशी जोडून देण्यात गेली होती, आणि अजूनही त्या फोन उचलला की असा सुरेल 'हॅलो' म्हणत की समोरचा माणूस काय बोलायचं ते विसरे. लग्न केलं नव्हतं. हल्ली त्यांना फोन येत ते बहुतेक कर्ज घ्या म्हणणाऱ्यांचे. बाई तेसुद्धा शेवटपर्यंत ऐकून घेत म्हणे.

काकांची नजर सवयीने दाराच्या कुलपावर गेली. एक स्क्रू सैल होऊन बाहेर डोकावत होता. दुरुस्तीला आलंय, ते मनात म्हणाले, पिशवी उचलली आणि वर गेले.

मग हा रोजचाच क्रम झाला. दिवे लागायच्या सुमाराला खालून निघायचं, दुसऱ्या मजल्यावर पिशवी खळ्ळकन टेकवायची, दम खायचा, त्या स्क्रूकडे बघायचं आणि पुढे जायचं. तिसऱ्या मजल्याचा जिना काही केल्या एका दमात होत नव्हता. काका मनातून धास्तावले होते. शोरूममधून गाडी आल्याचा फोन कधीही आला असता.

आणि एका संध्याकाळी पिशवी टेकवल्याबरोबर समोरचं दार उघडलं.

"आज तरी बेल वाजवा की हो!"

हॅलोबाई दारात उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचे कपडे. त्यांच्या मागे टेबलावर बशीत पालथे घातलेले दोन कप दिसत होते.

"अं?" काकांना आधीच दम लागला होता.

"रोज सामान घेऊन येता, दारात ताटकळता आणि निघून जाता. मी आतून ऐकते ना! म्हटलं, येतील आज, येतील उद्या. बेल वाजवायला एवढं काय लाजायचं? कुलूपच तर दुरुस्त करायचंय."

"कुठलं कुलूप?"

शब्द तोंडातून निसटला आणि काकांना कळलं की घात झाला. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"गेल्या वर्षी सांगितलं होतं मी तुम्हाला. इथेच, जिन्यात. दार बंद करताना अडकतं म्हणून. तुम्ही म्हणालात, येतो एखाद्या दिवशी."

म्हणाले होते खरं. साफ विसरले होते. आता काय सांगणार, कप्पाळ! बाईंनी वाकून पिशवीत पाहिलं. आत ना हत्यार ना तेलाची बाटली, नुसती गंजकी कुलपं.

काकांनी मग सगळं सांगून टाकलं. गाडी, बॅटरी, सेक्रेटरी, बारा किलो. बोलता बोलता त्यांना स्वतःचाच आवाज नकोसा झाला.

"असं होय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं..." आणि थांबल्या. "बरं आहे. व्यायाम होतो तेवढाच."

त्यांनी दार लावून घेतलं. पण ते मेलं धड लागेना. आतून एकदा ढकलल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा, जोरात. काकांचा हात आपसूक पुढे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला, आणि कानकोंडे होऊन वर गेले.

दुसऱ्या दिवशी ते खालून निघाले ते एकच ठरवून: त्या दारापुढे थांबायचं नाही. पिशवी वाजू नये म्हणून कुलपांमध्ये जुने टॉवेल कोंबले. दुसरा मजला आला, गुडघे बोंबलले, छाती भरून आली. पण लाज भारी चिवट असते. मान खाली घालून ते तसेच रेटत राहिले, आणि मान वर केली तेव्हा समोर त्यांचंच दार होतं.

जमलं होतं! एका दमात!

त्यांनी तिथेच उभं राहून मुलाला फोन लावला.

"जमलं रे. न थांबता. तिन्ही मजले."

"अरे वा, बाबा! ग्रेट. मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?"

"हो हो, बोल तू."

फोन बंद झाला. काकांनी पिशवी खाली ठेवली, टॉवेलमुळे तिचा आवाजही झाला नाही. एवढी मोठी लढाई जिंकली होती, आणि सांगायला माणूस नव्हतं. त्यांना एकदम भयंकर एकटं वाटलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर दार उघडलं. रोज पिशवी वाजायची तीच वेळ. थोडा वेळ कसलाच आवाज आला नाही. मग दार बंद झालं, एकदा ढकलून, दुसऱ्यांदा जोरात.

काका बराच वेळ किल्ली हातात धरून उभे होते.

गाडी आली. करड्या रंगाची, चालू झाली तरी कळू नये इतकी मुकी. पहिल्या संध्याकाळी काकांनी ती पार्किंगमध्ये लावली, सीट उचलून बॅटरी उपसली आणि दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी घेतली. दोन्ही मिळून पिशवीपेक्षा चांगलंच जड होतं. पण पाय आता सरावले होते. दुसऱ्या मजल्यावर आले तेव्हा श्वाससुद्धा धड फुलला नव्हता.

त्यांनी बॅटरी खाली ठेवली, थोडी आपटूनच. मग शर्ट नीट केला आणि बेल वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. बाईंनी आधी हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं, मग बॅटरीकडे.

"कुलूप," काका म्हणाले. "वर्षभर उशीर झाला."

बाई बाजूला झाल्या. काकांनी गुडघ्यावर बसून तो सैल स्क्रू काढला, आतला खटका साफ केला, तेल सोडलं. दार लावून पाहिलं. एका बोटाने लागलं.

"मग," बाई म्हणाल्या, अजून जरा अंतर राखूनच, "जमतं का आता? वरपर्यंत?"

काकांनी बॅटरीकडे पाहिलं. वर जाणारा जिना उघड्या दारातून दिसत होता.

"छे हो," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यापर्यंतच येतो. पुढे काही पाय उचलत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना धाप लागलेली नव्हती.

"पॅसेजमध्ये प्लग आहे माझ्या," त्या म्हणाल्या. "किती वेळ लागतो चार्ज व्हायला?"

"बराच लागतो."

"लागू दे," बाई म्हणाल्या, आणि टेबलावरचा दुसरा कप त्यांनी सुलटा केला.