बोट टेकेपर्यंत

बाबा सोफे विकायचे. उशी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या तावडीत सापडलं की सोफा घेऊनच बाहेर पडायचं. बाजारात त्यांना सगळे ‘रेडिओ’ म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडे. मग मेंदूत रक्ताची एक गुठळी झाली आणि रेडिओ बंद पडला. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना, आणि उजवा हात कापू लागला.

धाकटी लेक वेबसाइट बनवायची. तिने जुन्या टॅबलेटवर त्यांच्यासाठी बोलता फळा तयार केला. चौकोनाचौकोनात शब्द, बोट टेकवलं की टॅबलेट तो शब्द मोठ्याने म्हणे. पण फळा उघडायलाच एवढा वेळ लागे, की समोरचा माणूस बाबांचं उत्तर स्वतःच देऊन मोकळा होई. त्यात पहिला नंबर थोरल्या मुलाचा. ‘चहा हवाय त्यांना.’ ‘झोप आलीय त्यांना.’ माणूस वाईट नव्हता हो, फक्त धीर नावाची गोष्ट त्याच्या गावी नव्हती.

हाच थोरला रविवारी बाबांना कायमचं आपल्या घरी न्यायला येणार होता. धाकटीची फार ओढाताण होते, असं त्याचं म्हणणं. तिने एकच अट घातली: बाबांना विचारायचं, आणि उत्तर बाबांनीच द्यायचं.

म्हणून ती आदल्या दुपारी फळा हलका करायला बसली. फळा बनवताना घाईत तिने एक जावास्क्रिप्ट लायब्ररी अख्खीच्या अख्खी आत कोंबली होती. बारीकसारीक कामांची शेकडो तयार फंक्शनं, आणि वापरात त्यातली मूठभर. तिने सगळ्या कोडमध्ये शोध घेतला, ज्यांची नावं सापडली ती फंक्शनं ठेवली, बाकीच्यांना नारळ दिला आणि नवा बिल्ड, म्हणजे फळ्याची नवी आवृत्ती, काढली. फळा झटक्यात उघडला. तिने प्रत्येक चौकोन स्वतःच्या बोटाने दाबून पाहिला. सगळे शब्द नीट बोलले, आणि स्वारी स्वतःवर खूश झाली.

रविवारी थोरला आला आणि चपला काढता काढताच त्याने विचारलं, “बाबा, माझ्याकडे जायचं की इथेच राहायचं?”

बाबांचं बोट कापत फळ्यावर उतरलं. “जायचं,” टॅबलेट म्हणाला.

“बघ! स्वतः बोलले!” थोरल्याने आनंदाच्या भरात बाबांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते. बाबांनी घशातून काहीतरी आवाज काढला, पण तो लाडाचाच आहे असं याने धरून टाकलं.

धाकटी आतल्या खोलीत गेली आणि बाबांचे कपडे बॅगेत भरू लागली. तिला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, रागही आला. एवढं केलं, आणि हे एका शब्दात निघाले!

बाहेरून टॅबलेटचा आवाज आला. “नको. पाणी. नको. पाणी.”

“अहो, आणू की नको आणू?” थोरला रडकुंडीला आला होता.

हातात अर्धवट घडी केलेला स्वेटर घेऊन ती दारात आली आणि बाबांच्या बोटाकडे पाहत राहिली. बोट आधी ‘नको’वर पडत होतं आणि मग सरपटत शेजारच्या ‘पाणी’वर जाऊन थांबत होतं. ‘जायचं’च्या शेजारी काय होतं, हे तिला पाहावं लागलं नाही.

लायब्ररीत एक थांबायला लावणारं फंक्शन होतं. बोट स्थिरावेपर्यंत ते शब्द रोखून धरी. त्याचं नाव तिने कोडमध्ये नव्हे, सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, म्हणून शोधात ते सापडलंच नव्हतं. वर ‘फंक्शन नसेल तर थेट बोल’ अशी सूचना फळ्याला देऊन ठेवण्याची हुशारीही तिचीच. तिचं बोट कापत नाही, म्हणून तपासताना तिला काही कळलं नाही.

बाबांना पाणी पाजून तिने ते फंक्शन परत घातलं आणि बिल्ड काढून टॅबलेट पुढे ठेवला. “दादा, बोट पहिल्यांदा कुठे पडतं ते धरायचं नाही. कुठे थांबतं ते बघायचं. आता हात धरू नकोस त्यांचा.”

थोरल्याने पुन्हा विचारलं. बोट ‘जायचं’वर पडलं. टॅबलेट गप्प. बोट सरकलं, लटपटलं, थांबलं.

“राहायचं.”

थोरल्याचा चेहरा पडला. धाकटीला हसू फुटणार, एवढ्यात तिला दिसलं, की बोट अजून चाललंच आहे. ते खालच्या ओळीत उतरलं.

“तुला,” टॅबलेट म्हणाला. बाबा तिच्याकडे पाहत होते. मग बऱ्याच वेळाने, “हवंय का?”

हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

“अहो बाबा, तिला काय, ती तर—” थोरला बोलू लागला. बाबांनी तो कापरा हात उचलून त्याच्यासमोर आडवा धरला.

धाकटीलाही शब्द फुटेना. दोघंही मुकाट्याने थांबून राहिले.

“दमते मी, बाबा,” शेवटी ती म्हणाली. “खूप दमते. पण हवंय. तुम्ही मला इथेच हवे आहात.”